मेकॅनिक्सचा पेपर आणि १९४२ चे निवेदन

"सायन्स आपल्या पोरांना झेपत नाही. आर्ट्सला टाका आणि एमपीएससीचा फॉर्म भरा." हे वाक्य हल्ली प्रस्थापितांपेक्षा आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून जास्त ऐकू येते. नाशकातल्या वस्त्यांमध्ये मुलांच्या शिक्षणाचे काम करताना दरवर्षी निकालाच्या हंगामात आम्ही ते ऐकतो. बोलणारा माणूस वाईट नसतो. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झालेली वस्तीतली पोरगी एफ.वाय. बी.एस्सी.च्या पहिल्याच सेमिस्टरला फिजिक्समध्ये अडकली, एटीकेटी घेऊन पुढे गेली आणि वर्षभरात कॉलेज सोडून दुकानात लागली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. पण त्यावरून तो जो निष्कर्ष काढतो, त्याच्याशी आमचे भांडण आहे.

ती पोरगी ज्या पेपरात अडकली तो बघा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या सेमिस्टरला 'मेकॅनिक्स अँड प्रॉपर्टीज ऑफ मॅटर' हा पेपर होता. न्यूटनचे नियम, कार्य आणि ऊर्जा, द्रवांचे वहन, स्थितिस्थापकता. यातला निम्मा भाग तिने नववी-दहावीत मराठीतून शिकलेला असतो. तेव्हा त्याचे नाव त्वरण होते, संवेग होते, जडत्व होते. अकरावीला ते एका रात्रीत ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया झाले. त्यात 'मोमेंटम' आणि 'मोमेंट ऑफ इनर्शिया' कानाला जवळजवळ सारखेच लागतात, म्हणून दोन्हींचा गोंधळ. ओळखीच्याच माणसाने वेगळे कपडे घातलेत, एवढे सांगायला वर्गात कोणी नसते. ज्यांना परवडते ते क्लासला जातात. दोन वर्षांच्या क्लासची फी म्हणजे आपल्याकडे एका घराची वर्षाची कमाई. परीक्षा घेणाऱ्यांनीसुद्धा हा प्रश्न अर्धामुर्धा ओळखला आहे, २०२१ पासून जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पण प्रश्न मराठीत आणि शिकवणे, पुस्तक, जर्नल सगळे इंग्रजीत, ही कुठली सोय?

आणि मग म्हणायचे, मेरिट नाही!

एक उदाहरण सांगतो, कारण ते आमच्या डोक्यातून जात नाही. मेकॅनिक्सच्या वर्गात 'कार्य' शिकवताना हमखास सांगतात की हमाल डोक्यावर पोते घेऊन सपाट रस्त्याने चालला तर त्याने पोत्यावर केलेले कार्य शून्य. बल वरच्या दिशेने, विस्थापन आडवे, दोन्हींत नव्वद अंशांचा कोन, म्हणून उत्तर शून्य. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचे वडील पंचवटीतल्या मार्केट यार्डात हमाली करतात. वर्ग हसला, ती हसली नाही. ती आम्हाला म्हणाली, "दादा, पप्पांचं काम झिरो, असं पुस्तकातच लिहिलंय."

नियम बरोबर आहे. पण तो पुढे नेऊन शिकवला गेला नाही. ५० किलोचे पोते जमिनीवरून दीड मीटर उचलले तर साधारण ७३५ ज्यूल कार्य होते. दिवसाला शंभर पोती म्हणजे ७३,५०० ज्यूल. ही ऊर्जा चमचाभर साखरेतून मिळते तेवढीच. मग तिचे वडील रात्री पाय का चेपून घेतात? कारण पोते नुसते तोलून धरायलाही स्नायूंना ऊर्जा जाळावी लागते, चालताना शरीर वर-खाली होते, आणि जाळलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. 'कार्य'ची ती व्याख्या पोत्याला मिळालेल्या ऊर्जेचा हिशेब ठेवते, हमालाने खर्च केलेल्या ऊर्जेचा ठेवत नाही. शिक्षकाने ही दोन वाक्ये जोडली असती तर ऊर्जेचा अख्खा धडा त्या मुलीला वडिलांच्या खांद्यावरून कळला असता. (मजुरी ज्यूलवर ठरत नाही हे समाजशास्त्र तिला आधीच ठाऊक आहे, ते शिकवायची गरज नाही.)

आता आपल्या घरात डोकावू. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यातला शिक्षणाचा भाग काढून वाचा. नुसत्या आर्ट्स आणि कायद्याच्या पदव्यांनी अनुसूचित जातींचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे ते स्पष्ट मांडतात. त्यासाठी देशातल्या शिक्षणाला वर्षाला २ लाख आणि परदेशातल्या शिक्षणाला १ लाख रुपये मागतात. हे लिहिणारा माणूस स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर होता! आर्ट्स आणि कायदा म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायला नको होते. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' आपल्या प्रत्येक बॅनरवर आहे. पण काय शिका, हे त्यांनी कागदावर रुपये-आण्यांत लिहून दिले होते, ते कुठल्या बॅनरवर आहे?

आमच्यापैकी बहुतेक जण आर्ट्सचेच आहोत, हे लिहिणाऱ्याची पदवीसुद्धा समाजशास्त्राची आहे. तेव्हा आर्ट्स फालतू आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण वस्तीतली अभ्यासिका उघडा, भिंतीवर भारताचा नकाशा, टेबलावर चालू घडामोडी, कोपऱ्यात पोलीस भरतीचे गाईड. भौतिकशास्त्राचे एक पुस्तक दाखवा. दरवर्षी २ मार्चला काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या आठवणीत आपण नाशकात कार्यक्रम घेतो, घ्यायलाच पाहिजे. त्याच दिवसांत बारावीची परीक्षा चालू असते, आणि आपला स्पीकर रात्री दहापर्यंत त्याच गल्लीत वाजतो जिथे कोणीतरी प्रोजेक्टाइल मोशनचे गणित सोडवत असते.

काही मित्र म्हणतील, हे विज्ञान तरी कोणाचे? प्रयोगशाळा त्यांच्याच ताब्यात आहेत. ताब्यात आहेत हे खरे. प्रॅक्टिकलला चौघांचा ग्रुप पडतो तेव्हा स्टॉपवॉच कोणाच्या हातात जाते आणि रीडिंग लिहायला कोणाला बसवतात, हे आम्ही मुलांकडून ऐकतो. सेमिस्टर संपतो तरी महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती आलेली नसते, हेही माहीत आहे. पण ताबा त्यांचा आहे म्हणून विषय सोडून देणे म्हणजे तो ताबा कायम करून देणे. परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे युरोपने शतकानुशतके मानले, गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून मोजून पाहिले. मोजून पाहिल्याशिवाय न मानण्याची सवय पोराला पहिल्यांदा लागते ती मेकॅनिक्समध्ये. नोट्स डिक्टेट करून सूत्रे पाठ करून घेणारा शिक्षक तिचीही पोथी करतो, तो वेगळा गुन्हा.

आणि हे न शिकल्याचा राजकीय तोटाही बघा. एखाद्या गावात आपल्या वस्तीवर हल्ला होतो आणि टीव्हीवर कोणीतरी शांतपणे म्हणतो, "क्रियेला प्रतिक्रिया होणारच, निसर्गाचा नियम आहे." आपला प्रवक्ता यावर संतापतो, पण उत्तर देत नाही. उत्तर न्यूटनकडेच आहे. तिसऱ्या नियमातली दोन बले एकाच क्षणी असतात, आधी एक आणि मग दुसरे असे नसते. ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. बैल गाडीला पुढे ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, यात सूड कुठे आला? कट करून, लाठ्याकाठ्या गोळा करून, रात्री येऊन केलेली मारहाण ही न्यूटनची प्रतिक्रिया नाही, ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आहे. चर्चेत हे एका मिनिटात सांगता आले पाहिजे.

रोहित वेमुलाचा फोटो आपण जानेवारीत लावतो. त्याला कार्ल सेगनसारखे विज्ञानावर लिहायचे होते, हे त्याच्या शेवटच्या पत्रात आहे. त्याच्या नावाने आपण किती मुलांना तारे दाखवले?

कॉलेजांकडे आमची मागणी साधी आहे. एफ.वाय.च्या पहिल्या महिन्यात मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी मेकॅनिक्सचे जोडवर्ग घ्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द फळ्यावर लिहा, आणि प्रयोगशाळा आठवड्यातून एक दिवस जादा उघडी ठेवा. यासाठी संघटनांनी प्राचार्यांना निवेदने द्यावीत, शिष्यवृत्तीसाठी देतो तशी. तोपर्यंत विहारात सुरुवात करता येते. एक गुळगुळीत फळी, दोन कप्प्या, स्प्रिंगचा काटा, मोबाईलमधले स्टॉपवॉच, एवढ्यावर पहिल्या सेमिस्टरचा बराच भाग हाताने करून दाखवता येतो. बी.एस्सी.-इंजिनिअरिंग झालेले, बँकेत नाहीतर एमआयडीसीत नोकरीला लागलेले आपले बरेच जण सातपूर, सिडको, नाशिकरोडला राहतात. वर्गणी ते दरवर्षी देतात. या वर्षी वर्गणी थोडी कमी चालेल, जूनपासून रविवारी सकाळचे दोन तास द्या. जागा आणि फळी आमच्याकडे आहे.