घरच्या टीकाकाराची झडती

धर्माच्या आत राहून धर्मावर टीका करणारा माणूस दोन्हीकडून संशयात सापडतो. स्वकीयांना तो घरभेदी वाटतो. आणि ज्यांच्या वतीने तो बोलतो, त्यांना शंका येते की याचे बोलणे मनापासूनचे कशावरून? लोकहितवादींची शतपत्रे शिकवताना हा प्रश्न वर्गात हमखास येतो. न्यायमूर्ती रानडे यांनी पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, हे सांगितले की मग तो आणखी धारदार होतो. विद्यार्थ्यांच्या या प्रश्नाला आम्ही उद्धटपणा मानत नाही. मात्र 'बोलके सुधारक' हा तयार शिक्का मारून विषय मिटवणे म्हणजे समीक्षा नव्हे, हेही सांगावेसे वाटते.

याबाबतीत आमच्या रायगडाच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या, पदरी एक मोलाचे उदाहरण आहे. महाडचा १९२७ चा सत्याग्रह आपण समतेचा लढा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच. पण टीकाकाराच्या प्रामाणिकपणाची परीक्षा कशी घ्यावी, याचाही तो एक वस्तुपाठ आहे. त्या अंगाने तो फारसा वाचला जात नाही.

डिसेंबरातील सत्याग्रहाची तयारी चालू असताना ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. अट एकच होती : कितीही चांगला असला तरी ब्राह्मण या लढ्यात नको. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे दोघे त्यांना परके नव्हते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात आदल्याच वर्षी बॅरिस्टर आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडून त्यांना सोडवून आणले होते. म्हणजे हा नकार कुणा विरोधकाला नव्हता, मित्रांना होता. आणि तोही लढ्याला माणसांची निकड असताना.

जेधे-जवळकरांचा संशय निराधार होता काय? मुळीच नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले; पण ते कागदावर. मार्च १९२७ मध्ये अस्पृश्यांनी प्रत्यक्ष पाणी प्यायल्यावर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरात परिषदेच्या मांडवासाठी जागा मिळेना, तेव्हा ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. सवर्णांच्या सदिच्छेची किंमत अशी डोळ्यांसमोर असताना जवळकरांनी 'एकही नको' म्हटले, तर त्यांना दोष तरी कसा द्यावा?

तरीही आंबेडकरांचे उत्तर आम्हांला अधिक खोल वाटते. जन्मावरून हेतू ठरवणे ही मनुस्मृतीचीच रीत, आणि तीच २५ डिसेंबरला जाळायची होती. दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, ते ब्राह्मण. अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. मार्चमध्ये तळ्यावर जाण्याची हाक देणारे अनंतराव चित्रे आणि महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस हे दोघे कायस्थ प्रभू. यांच्या अंतःकरणात काय होते, हे आंबेडकरांनी तपासत बसल्याचे दिसत नाही. त्यांना काम दिले. तेही असे, की केल्यावर मागे फिरणे कठीण. आणि नेतृत्व मात्र दिले नाही. हा शेवटचा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. घरच्या टीकाकाराचे स्वागत करणे आणि त्याच्या हाती सूत्रे देणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

या झडतीतून खुद्द आंबेडकरही सुटले नाहीत. १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. पुढच्या वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले खरे, पण भाषणाचा मसुदा पाहून परिषदच रद्द केली. भाषण त्यांनी स्वतः छापले. शास्त्रप्रामाण्यावरचा हल्ला आणि धर्म सोडण्याची भाषा मंडळाला पेलली नाही. जातिभेद मोडायला निघालेल्या सुधारकांचीही अपेक्षा हीच, की टीका करा, पण आधी राहण्याची हमी द्या. राहणाऱ्या रानड्यांना भित्रे ठरवायचे आणि जाऊ पाहणाऱ्या आंबेडकरांना बोलण्याचा अधिकार नाकारायचा, तर मग टीका करायची तरी कुणी?

म्हणून शतपत्रांच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना दुसरे प्रश्न देतो. लेखकाने हे कोणत्या नावाने लिहिले, तेव्हा तो कुणाच्या चाकरीत होता, लिहिल्यामुळे त्याचे काय जाणार होते आणि प्रत्यक्षात काय गेले? टोपणनावाने लिहिणारे, सरकारी नोकरीतले गोपाळराव हरी देशमुख या प्रश्नांना पूर्णपणे उतरत नाहीत. पण ब्राह्मणांच्या विद्येविषयी त्यांनी जे लिहिले, ते त्यामुळे खोटेही ठरत नाही.