आधी निदान, मग खरेदी

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर संगणक कक्ष उघडला की चार-सहा यंत्रे मुकी निघतात, हे आपल्याकडे दरवर्षीचेच आहे. तंत्रज्ञ येतो, बटण दोनदा दाबून पाहतो आणि निकाल देतो, "मदरबोर्ड उडाला." यंदा असे सहा संगणक भंगारात काढून नवे घ्यावेत, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. माझे स्पष्ट मत असे की, प्रत्येक यंत्राचे लेखी निदान झाल्याशिवाय हा प्रस्ताव मंजूर होऊ नये.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'निदान' म्हणजे रोगाचे कारण शोधणे. मराठीत तो अर्थ आहेच, शिवाय 'कमीत कमी' असाही आहे. तेव्हा निदान निदान तरी करा, एवढेच माझे मागणे आहे.

'चालू होत नाही' या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. बटण दाबले तरी काहीच हालत नाही, ही पहिली. पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, ही दुसरी. सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडते, ही तिसरी. तिन्हींची कारणे सहसा निराळी असतात.

काहीच हालत नसेल तर आधी भिंतीतले सॉकेट, केबल आणि एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच पाहावा. झाडझूड करताना तो सहज बंद होतो. बोर्डावर स्टँडबायचा दिवा असेल आणि तो लागत असेल, तर निदान ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा तिथवर पोहोचतो आहे. मग कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून बोर्डावरील त्या दोन पिना शिक्षकांनी पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. यंत्र सुरू झाले तर बोर्ड ठीक आहे, बटण गेले आहे!

पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला, हा समज मात्र चुकीचा आहे. भार पडताच त्याचा दाब घसरू शकतो. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या आत राहिली पाहिजे. सर्व दाब स्थिर झाल्यावर एसएमपीएस बोर्डाला एक 'पॉवर गुड' संकेत देतो. तो आला नाही तर बोर्ड प्रोसेसरला रोखूनच धरतो, आणि आपण दोष बोर्डाला देतो. म्हणून चालू यंत्राचा एसएमपीएस लावून पाहणे, हा सर्वांत प्रामाणिक उपाय. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा प्लग लावायचा राहिला असेल, तरीही पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

मुलांना सर्वांत आवडावी अशी परीक्षा रॅमची आहे. बोर्डाला छोटा स्पीकर जोडून सगळी रॅम काढावी आणि यंत्र सुरू करावे. बीप ऐकू आले तर प्रोसेसर आणि बायोस इतके जिवंत आहेत की ते तक्रार करू शकतात. मग रॅमचे संपर्क साफ करून एकेक पट्टी वेगवेगळ्या खाचेत लावून पाहावी. पावसाळ्यातल्या दमट हवेत हाच दोष पुष्कळदा सापडतो. स्पीकर असूनही शांतता असेल, तर बोर्ड, प्रोसेसर किंवा वीजपुरवठा यांवर संशय घ्यावा. सुरू होऊन बंद पडणाऱ्या यंत्रात प्रोसेसरवरचा पंखा सैल आहे का, किंवा बोर्डाखाली एखादा सुटा स्क्रू अडकला आहे का, ते पाहावे. २०३२ क्रमांकाचा सेल मात्र उगाच बदनाम आहे. तो संपला तर तारीख आणि सेटिंग जाते, पण बहुतेक बोर्ड तरीही सुरू होतात.

एवढे करूनही बोर्ड उठला नाही, कपॅसिटर फुगलेले दिसले, तर तो गेला असे खुशाल लिहावे. जुने जपण्याचा हट्ट माझा नाही. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे काही यंत्रे तशीही बदलावी लागतील किंवा त्यांवर लिनक्स घालावे लागेल. पण तो निर्णय वेगळा. त्याला 'बोर्ड उडाला' हे कारण चिकटवू नये.

काही पालक म्हणतील, आमची मुले मेकॅनिक व्हायला येत नाहीत. मान्य. पण विज्ञानाच्या पेपरात 'एका वेळी एकच घटक बदला' असे लिहिणाऱ्या मुलाने ते एकदा तरी करून पाहू नये का? सुरक्षिततेची चिंता मात्र रास्त आहे. म्हणून सुटे भाग काढण्या-घालण्यापूर्वी प्लग काढलेला असेल, शिक्षक हजर असतील आणि एसएमपीएसची पेटी कोणीही, अगदी कोणीही, उघडणार नाही. वीज काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये भार उरतो.

पुढील दोन शनिवारी अकरावीचे विद्यार्थी संगणक शिक्षकांसोबत या सहा यंत्रांची तपासणी करतील. प्रत्येक यंत्रासाठी वहीत एक पान असेल: लक्षण काय, काय बदलले, काय घडले. विश्वस्तांनी बैठकीपूर्वी ती वही पाहावी. जी यंत्रे खरोखर बाद ठरतील, ती हातगाडीवाल्याला न देता २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे पाठवावीत. त्यांतील चालू रॅम आणि एसएमपीएस मात्र आधी काढून कपाटात ठेवावेत, पुढच्या जूनमध्ये लागतील.