मुळशीचे पाणी आणि काठावरचे बंगले

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघाले की मुळशीचे पाणी दिसू लागते. पावसाळ्यात डोंगरावरून उतरलेले ढग त्या पाण्यावर टेकतात, तेव्हा कोणाचाही पाय तेथे रेंगाळावा. सौंदर्याशी आमचे भांडण नाही. कष्टकऱ्यालाही ते हवेच असते. परंतु काठावरच्या बंगल्याच्या ओसरीत बसलेल्या पाहुण्यास हे तळे सह्याद्रीइतकेच पुरातन वाटत असेल, तर त्याला त्याचे वय सांगणे भाग आहे.

निळा-मुळेच्या संगमाजवळ टाटा कंपनीने हे धरण घातले, ते पाणी घाटाखाली भिऱ्यास सोडून मुंबईला वीज पुरविण्यासाठी. पन्नासएक गावांची, आंबेमोहोर पिकविणारी खाचरे त्यासाठी हवी होती. १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारने खाजगी कंपनीच्या दिमतीस दिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळे 'जान किंवा जमीन' म्हणत सत्याग्रहास उभे राहिले. विनायकराव भुस्कुटे त्यांचे संघटक, पां. म. बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात.

या लढ्याचे पोवाडे आपण गातो, पण त्यातील एक कडू प्रकरण गाळतो. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि त्यांना नुकसानभरपाईचा मोह पडला. नांगर धरणाऱ्याच्या हाती कागदच नव्हता. परक्या सरकारइतकाच हा घरचा वर्गभेद सत्याग्रहाला भोवला, असे आमचे मत आहे. १९२४ पर्यंत लढा ओसरला, बापट तुरुंगात गेले ते १९३१ मध्ये सुटले. आणि दरम्यान खोरे बुडाले.

पुढे मोसे खोऱ्यात वरसगावचे धरण झाले. तेथे काठावर 'लवासा' नावाचे श्रीमंतांचे नगर उठू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबविण्यास फर्मावले, वर्षभराने अटी घालून मोकळीक दिली, आणि २०१८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. धरण सार्वजनिक हितासाठी आणि काठ खाजगी विलासासाठी, हा हिशेब कोणत्या न्यायाचा?

आमची मागणी साधी आहे. जलाशयांचे काठ सर्वांना खुले असावेत आणि बुडालेल्या गावांची नावे तेथे ठळक लावावीत. कार्यकर्त्यांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. पौडच्या तहसील कचेरीत जाऊन काठावरच्या जमिनींचे सातबारे व जुने फेरफार उतरवून घ्यावेत, आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना ते वाचून दाखवावेत.