फॉर्च्युनरसोबत फोटो काढून झाला असेल, तर जरा टोयोटाबद्दल बोलू



पोस्ट मोठी आहे. पण घरात दहावी-बारावीचं किंवा आयटीआय केलेलं पोरगं-पोरगी असेल, तर शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

परवा मंठ्यात एका कार्यक्रमाला पाहुणे आले. पाच-सहा गाड्यांचा ताफा, सगळ्यात पुढं पांढरी फॉर्च्युनर. पाहुणे स्टेजवर बोलत होते आणि आपली निम्मी पोरं बाहेर त्या गाडीला टेकून रील काढत होती. मी हसलो, पण दोष देत नाही. आपल्या भागात टोयोटाची ओळखच अशी झाली आहे. ज्याच्याकडं इनोव्हा, तो कार्यकर्ता मोठा. ज्याच्याकडं फॉर्च्युनर, तो नेता.

ही ओळख तयार कशी झाली ते जुन्या लोकांना आठवत असेल. २००० साली क्वालिस आली. तोवर आपल्याकडं काळी-पिवळीत कोंबून जायचं नाहीतर एसटीची वाट पाहायची. क्वालिस दिसायला काही देखणी नव्हती, डब्बाच होता. पण आठ-दहा माणसं, वर टपावर सामान, शिर्डी-तुळजापूर-पंढरपूर करून गाडी परत यायची आणि रस्त्यात दगा द्यायची नाही. ट्रॅव्हल्सवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. २००५ मध्ये कंपनीनं चालती-खपती क्वालिस बंद केली आणि इनोव्हा आणली. लोक म्हणाले, वेडे झाले का? पुढं काय झालं ते आपण पाहतोच. २००९ मध्ये फॉर्च्युनर आली आणि पुढाऱ्यांचा प्रश्न सुटला.

आजही कोणत्याही ड्रायव्हरला विचारा, "टोयोटाच का?" तो मायलेज सांगणार नाही, फीचर सांगणार नाही. तो म्हणेल, "भाऊ, इंजिनला काही होत नाही. आणि विकायला काढली तरी भाव येतो." चार-पाच लाख किलोमीटर पळालेल्या इनोव्हा आपल्या तालुक्यात आजही लग्नाच्या भाड्याला जातात. ही खरी जाहिरात. हा भरवसा कुठून आला, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण त्याचा संबंध आपल्या पोरांच्या पोटाशी येणार आहे.

टोयोटाची सुरुवात मोटारीपासून झालीच नाही, ती झाली कापसापासून. साकिची टोयोदा नावाचा माणूस, जन्म १८६७ चा, एका सुताराचा मुलगा. गावात बाया हातमागावर राबायच्या, त्याची आईसुद्धा. ते कष्ट कमी व्हावेत म्हणून त्यानं माग सुधारायला घेतला. १८९१ मध्ये लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट मिळालं. पुढची तीस-पस्तीस वर्षं तो तेच करत राहिला. १९२४ मध्ये त्यानं आणि मुलगा किइचिरोनं पूर्ण स्वयंचलित माग तयार केला. त्याची खुबी अशी की एक धागा जरी तुटला तरी माग आपोआप थांबायचा. म्हणजे खराब कापड पुढं विणलंच जायचं नाही आणि एक कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीनं त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. ज्या इंग्लंडनं जगाला कापड गिरण्या दिल्या, त्यांनी एका सुताराच्या पोराकडून यंत्र घेतलं!

किइचिरोला मोटारीचं वेड होतं. मागाच्याच कारखान्यात त्यानं मोटारीचा विभाग काढला. १९३५ मध्ये ट्रक, १९३६ मध्ये पहिली कार आणि १९३७ मध्ये वेगळी कंपनी. आडनाव टोयोदा, त्याचा अर्थ सुपीक भातशेत. कंपनीचं नाव मात्र टोयोटा केलं. जपानी लिपीत ते आठ रेघांत लिहून होतं आणि आठ हा आकडा तिकडं शुभ मानतात. म्हणजे शुभ-अशुभ तिकडंही आहेच, फक्त लिंबू-मिरची बांधून ते थांबले नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. महायुद्धानंतर कंपनी बुडायच्या बेतात आली. १९५० मध्ये कामगार कपात झाली, मोठा संप झाला. आणि मालकानं, म्हणजे किइचिरोनं, जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. आपल्याकडं बँक बुडाली, कारखाना बुडाला म्हणून चेअरमननं स्वतःहून राजीनामा दिल्याचं तुम्हाला आठवतंय का? मला तरी नाही.

मग ताइइची ओनो नावाच्या इंजिनिअरनं कारखान्याची नवी पद्धत बसवली. अमेरिकेत फोर्डचे कारखाने दिवसाला हजारो गाड्या काढत होते. यांच्याकडं ना तेवढा पैसा, ना जागा, ना गिऱ्हाईक. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच बनवायचं, गोदामात माल सडवायचा नाही. दुसरी गोष्ट सरळ त्या जुन्या मागातून घेतली. चूक दिसली की काम थांबवायचं. गाडी जोडणाऱ्या रांगेवर दोरी लावली. कोणत्याही साध्या कामगाराला काही गडबड दिसली, तर दोरी ओढायची. सुपरवायझर पळत येणार, आणि तिथल्या तिथं दुरुस्त झालं नाही तर रांग थांबणार. दोरी ओढणाऱ्याला शिव्या खायच्या नाहीत, उलट चूक लपवली तर अडचण.

ड्रायव्हर म्हणतो ना "इंजिनला काही होत नाही", त्याचं उत्तर या दोरीत आहे.

देवमाणसं आहेत असं मी म्हणत नाही. २००९-१० मध्ये ॲक्सिलरेटर अडकण्याच्या तक्रारींवरून त्यांना जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. खुद्द अध्यक्ष अकिओ टोयोदांना अमेरिकन संसदेच्या समितीपुढं जाऊन माफी मागावी लागली. आपल्या शेजारी कर्नाटकात, बिडदीच्या कारखान्यात, नोव्हेंबर २०२० मध्ये कामगारांचा संप आणि कंपनीची टाळेबंदी झाली, ते प्रकरण काही महिने चाललं. कामाच्या ताणाची तक्रार कामगारांचीच होती. हेही लक्षात असू द्या. कंपनी कितीही मोठी असो, डोळे उघडे ठेवूनच स्वागत करायचं.

आता मराठी माणसाचा यात काय संबंध? मोठा आहे. भारतात ही कंपनी टोयोटा किर्लोस्कर मोटर या नावानं १९९७ पासून आहे. जास्त हिस्सा जपान्यांचा, थोडा किर्लोस्करांचा. त्याच्याही आधी किर्लोस्कर आणि टोयोटा समूह एकत्र आले होते ते सूत-कापडाच्या यंत्रांसाठी. फिरून पुन्हा कापूस! मोटारीची ही भागीदारी उभी करणारे विक्रम किर्लोस्कर २०२२ मध्ये गेले. ते लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीतले.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, म्हणजे साकिचीपेक्षा दोनच वर्षांनी लहान. त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी नांगराला हात लावत नव्हते. गडी मागं हटला नाही. १९१० मध्ये सांगलीकडच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक तिकडं मागाच्या मागं लागलेला, एक इकडं नांगराच्या. दोघंही खेड्यातले, दोघांनीही आपल्या लोकांचे कष्ट बघून यंत्र बनवलं. त्यांचे वारस सव्वाशे वर्षांनी एकत्र गाड्या बनवतात.

आता मुद्द्याचं बोलतो.

३१ जुलै २०२४ ला मुंबईत महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात करार झाला. छत्रपती संभाजीनगरजवळ कारखाना, जाहीर केलेली गुंतवणूक सुमारे २०,००० कोटी, वर्षाला चार लाखांपर्यंत इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या. जागा पैठण रोडवर बिडकीनला, ऑरिक वसाहतीत. ती बिडकीन वसाहत सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली, जवळपास आठ हजार एकर. मंठ्यापासून बिडकीन दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. मधे जालना, तिथून समृद्धी महामार्ग. म्हणजे फॉर्च्युनर बनवणारी कंपनी आपल्या दारात येणार आहे.

माझा प्रश्न एवढाच आहे. त्या कारखान्यात मंठ्याचं पोरगं कोणत्या गेटनं आत जाणार?

हातात टूल घेऊन लाईनवर? सुपरवायझर म्हणून? सुटे भाग पुरवणारा छोटा उद्योजक म्हणून? की ठेकेदाराच्या टेम्पोत बसून सात-आठ महिन्यांच्या कंत्राटावर? की गेटवर शिट्टी घेऊन, साहेबांच्या गाडीला सलाम ठोकायला?

"स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या" हे वाक्य भाषणात तुम्ही ऐकलं असेल. शासनाच्या धोरणात ते वर्षानुवर्षं आहे. पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. पुण्याचा पोरगा पण स्थानिक, नाशिकचा पण, आणि आपला पण. कागदावर तिघं सारखे. मशीनसमोर उभं केल्यावर सारखे राहतील का?

टोयोटाच्या कामगारांना एक सवय लावतात. अडचण आली की पाच वेळा "का?" विचारायचं. आपण करून बघू.

पोरगं आयटीआय करून गावात का बसलंय? कंपनीतून परत आलं म्हणून. का परत आलं? कंत्राट संपलं, परमनंट केलं नाही. का नाही केलं? त्याला एकच काम येत होतं, नवी मशीन हाताळता आली नाही. का नाही आली? शिकताना ती मशीन त्यानं पाहिलीच नव्हती. का नाही पाहिली? कारण तालुक्यातल्या पोरांना काय शिकवायचं, हे कारखान्याला कुणी विचारलं नाही आणि आपण पुढाऱ्याला विचारलं नाही.

पाचव्या "का"ला बोट आपल्याकडं वळलं, बघा.

असं घडू शकतं याचा पुरावा घरचाच आहे. १९८५ मध्ये बजाज वाळूजला आली. त्याच सुमारास बजाजला ॲल्युमिनियमचे सुटे भाग देण्यासाठी तिथं एक छोटा कारखाना निघाला. तो म्हणजे एन्ड्युरन्स. आज त्यांचे कारखाने इटली-जर्मनीतही आहेत. गाडीचा कारखाना एकटा येत नाही, मागं शेकडो पुरवठादार लागतात. जालन्यात लोखंडाचा एवढा मोठा धंदा आहे. सळईच्या पुढं जाऊन गाडीचे भाग बनवण्याचा विचार जालन्यानं आत्ता नाही करायचा, तर कधी?

दुसरं उदाहरण बिडदीचं. २००७ पासून टोयोटा तिथं स्वतःची प्रशिक्षण संस्था चालवते. कर्नाटकच्या ग्रामीण भागातली, गरीब घरची, दहावी पास पोरं घेतात. तीन वर्षं तिथंच राहणं, जेवण, शिक्षण. शेतमजुराचं पोरगं तिथून जागतिक दर्जाचा कारागीर होऊन बाहेर पडतं. कर्नाटकला हे मिळालं. मराठवाड्यानं का मागू नये?

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. आमदार-खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्यापुढं ठेवा.

एक, बिडदीसारखी निवासी संस्था संभाजीनगरला व्हावी आणि त्यात मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याला जागा राखून असाव्यात. मंठ्याला पण.

दोन, तालुक्याच्या आयटीआयमध्ये हायब्रिड-इलेक्ट्रिक गाड्या, रोबो, वेल्डिंगची नवी यंत्रं यांचं शिक्षण कारखाना सुरू व्हायच्या आधी सुरू व्हावं, नंतर नाही.

तीन, मुलींसाठी जालना-संभाजीनगरला वसतिगृह आणि सुरक्षित बस. हुशार मुली आपल्याकडं कमी नाहीत, पाठवायला घरचे भितात.

चार, किती अप्रेंटिस घेतले आणि कोणत्या तालुक्यातून घेतले, याची यादी दरवर्षी जाहीर व्हावी.

आणि पालकांनो, तोवर हातावर हात धरून बसू नका. संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. दहावीनंतर तिथं टूल आणि डाय बनवण्याचा डिप्लोमा होतो. प्रवेशाची चौकशी करा. पोराला सेकंड हँड गाडी घेऊन देण्याआधी एकदा तिथं घेऊन जा.

दिवाळी झाली की आपल्या तांड्यांवरून, वाड्यांवरून ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात. भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या सगळं घेऊन. दरवर्षी आपण ते बघतो आणि सवयीनं बघतो. धागा तुटलाय, तरी माग चालूच आहे. दोरी ओढायला कुणीतरी पाहिजे की नाही?

पुढच्या वेळी ताफा आला, तर फोटो जरूर काढा. पण काच खाली झाली की एवढं विचारा: "साहेब, ही गाडी बनवणारा कारखाना बिडकीनला येतोय. त्यात आमच्या तालुक्याची किती पोरं कामाला लागतील, आणि त्यासाठी तुम्ही काय केलं?"

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर भांडा. आणि गावातलं कुणी असं प्रशिक्षण घेऊन चांगल्या कंपनीत लागलं असेल तर खाली सांगा, बाकीच्या पोरांना रस्ता कळेल.