तबकडीवरची लावणी

पुण्यास शिकणारी माझी पुतणी दिवाळीला बऱ्हाणपुरास आली, ती एका जपानी पॉप गायिकेची तबकडी घेऊन. नृत्यगीत एकच, परंतु आवृत्ती मर्यादित, सोबत छायाचित्रांची पुस्तिका. पहिल्या आवृत्तीत काही अधिक घालून ती मोजक्याच प्रतींत विकावयाची, ही तेथील व्यवसायाची रूढ रीत आहे. "काका, ही पुन्हा मिळायची नाही," असे ती म्हणाली आणि मला आमच्या माळ्यावरची पेटी आठवली.

वाचकहो, नाचाचे गाणे तबकडीवर गेले की त्यातला नाच मागे राहतो. आपल्या लावणीच्या बाबतीत तर हे फारच खरे. बैठकीच्या लावणीत गायिका एकाच ओळीवर अदाकारी करीत त्याच शब्दांतून रुसवा, थट्टा, विनवणी असे निरनिराळे भाव उलगडते. यमुनाबाई वाईकरांनी हयातभर जपली ती ही कला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेव्हा जे करावयाचे ते शब्दफेकीने आणि ढोलकीच्या ठेक्याने. सुलोचनाबाई चव्हाणांनी ते साधले. डोक्यावर पदर घेऊन त्या एका जागी गात. ठसका सारा आवाजात. १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा' या चित्रपटात जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि वसंत पवारांचे संगीत त्यांना लाभले. जी मंडळी तमाशाच्या फडाकडे फिरकत नसत, त्यांच्या ओसरीवर लावणी आली ती तबकडीने आणि रेडिओने. (सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२२ साली, त्याच डिसेंबरात त्या गेल्या. फार उशीर केला, असेच मी म्हणेन.)

आमच्या घरी मात्र लावणी चोरून नांदत होती. आईने ती तबकडी रावेरहून, माहेराहून आणलेली. अण्णा शाळेत गेले की दुपारी ती ग्रामोफोनला चावी देई. मी नऊ वर्षांचा असेन. ताप आल्यामुळे एकदा लवकर घरी आलो, तो आई डाळ निवडीत होती आणि तिच्या पायाचा अंगठा ठेका धरीत होता. मला पाहून ती हसली. मीही हसलो. रात्री जेवताना मात्र मोठ्या फुशारकीने मी अण्णांना सारे सांगून टाकले.

अण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मुलांच्या कानांवर हे पडू नये." पुढच्या आठवड्यात ग्रामोफोन एका परिचितांकडे गेला. आईने त्याविषयी अवाक्षर काढले नाही, मलाही कधी बोल लावला नाही. ती आता नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आठवीच्या मुलींनी लावणीची परवानगी मागितली होती. "पाहू," असे म्हणून मी अर्ज खणात ठेवला होता. शब्द माझे, पण सूर अण्णांचा.

दिवाळीच्या त्या रात्री पेटी उघडली. जुन्या नऊवारीच्या घडीत तबकडी होती, कडेपासून मध्यापर्यंत तडा गेलेली. लाखेच्या तबकड्या फार ठिसूळ. पुतणीच्या यंत्रावर ७८ चा वेग निघाला. सुई तड्यावरून जाताना प्रत्येक फेऱ्यास टक् असा आवाज होई आणि त्यातून ढोलकी व गाणे ऐकू येई. पुतणी म्हणाली, "काका, ही खरी मर्यादित आवृत्ती!" स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी आवाज मोठा करावयास सांगितले.

सुट्टी संपताच मी त्या अर्जावर सही केली.