आधी झाकण उघडा!

डिझेल सायकलचा पी-व्ही डायग्राम आपल्यापैकी कुणीही झोपेत काढून दाखवील. पण "इंजिन ओढत नाही, बघ जरा" असं कुणी म्हटलं तर? गेल्या ऊसतोडणीच्या हंगामात माझ्यावर ही वेळ आली.

काकांचा ट्रॅक्टर सकाळी ठणठणीत असायचा. उसाची ट्रॉली जोडून अर्धा तास झाला की दम टाकायचा. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक! "तू इंजिनिअर ना रे?" काकांनी विचारलं. मी ठोकून दिलं, "कॉम्प्रेशन गेलं असेल." मिस्त्रीने पंप काढून कॅलिब्रेशनला पाठवला. चार दिवस ट्रॅक्टर उभा, तोडलेला ऊस शेतात वाळतोय, आणि पंप बसवल्यावर दुखणं जसंच्या तसं.

शेवटी गावातल्या एका जुन्या ड्रायव्हरने आधी धूर पाहिला. मग इंजिनने दम टाकताच डिझेल टाकीचं झाकण सैल केलं. सुस्सकन हवा आत गेली आणि थोड्याच वेळात ट्रॅक्टर ओढायला लागला! झाकणातलं हवेचं भोक चिखलाने बुजलं होतं. डिझेल संपत जाईल तसा टाकीतला दाब उतरायचा आणि पुरवठा तुटायचा.

त्याचं शास्त्र साधं होतं. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. गरम इंजिनचा पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. टायमिंग, कॉम्प्रेशन तपासा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. धूरही नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच पोचत नाही. टाकी, फिल्टर, फीड पंप, लाइनमधली हवा या क्रमाने चला. स्वस्तातलं आधी, पंपाला हात सगळ्यात शेवटी.

कुणी म्हणेल, २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, आता स्कॅनर लावला की झालं. पण स्कॅनर "रेल प्रेशर कमी" एवढंच सांगतो. ते का कमी झालं, हे शोधणारं डोकं आपलंच लागतं.

आणि ते डोकं तयार होणार कुठे? आपल्या लॅबमधलं इंजिन कधी आजारीच पडत नाही. रीडिंग घ्या, ग्राफ काढा, सही घ्या, संपलं! माझं म्हणणं एवढंच, की सेमिस्टरला एक तरी प्रॅक्टिकल असं असावं, ज्यात सरांनी मुद्दाम बिघाड करून ठेवावा आणि आम्ही तो शोधावा. मार्क उत्तराला कमी आणि शोधण्याच्या क्रमाला जास्त द्यावेत.

नाहीतर डिग्री हातात येईल, आणि काकांचा ऊस पुन्हा शेतातच वाळेल.