ओढ्यावरची चिंच

परवा रात्री गावाहून चुलतभावाचा फोन आला. आमचं गाव पारनेर तालुक्यात, नगर जिल्ह्यात. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला सवय 'नगर'चीच!)

"ताई, ओढ्यावरच्या चिंचंवर वाघळं लई झालीत. पोरं म्हणत्यात फटाके लावू, न्हाईतर झाडच पाडू. निपाह का काय ते त्यांच्यातूनच येतं म्हणं. तुझं काय म्हणणं?"

तेव्हा मला धड काही सांगता आलं नाही. त्याची दोन पोरं लहान आहेत, दिवसभर त्याच झाडाखाली खेळतात. त्याची भीती हसण्यावारी कशी न्यायची? म्हणून चार दिवस जमेल तसं वाचलं, आणि आता इथे लिहितेय. घरचे वाचतातच, तेव्हा त्याच्यापर्यंत पोचेलच.

पहिली गोष्ट म्हणजे, त्याची भीती खोटी नाही. पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली 80 वटवाघळं तपासली. बऱ्याच जणांच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, म्हणजे विषाणू त्यांच्यातून कधीतरी फिरून गेलेला होता. प्रत्यक्ष विषाणूचा अंश मिळाला तो फक्त दोघांत. हे संशोधन 2021 मध्ये बाहेर आलं आणि छातीत धस्स झालं सगळ्यांच्या. खरं तर माणसाला आजार झाल्याची ती बातमी नव्हतीच. पण 2018 मध्ये केरळात कोळिकोडला निपाहने माणसं गेली होती, आणि तिथल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांत तो विषाणू सापडला होता. आमच्या चिंचेवर लटकतात ती त्याच जातीची. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मग ती स्वतः आजारी का पडत नाहीत? शास्त्रज्ञ सांगतात ते मोठं गमतीचं आहे. अशा आजारांत माणसाचा जीव बऱ्याचदा विषाणूपेक्षा आपल्याच शरीराच्या अतिरेकी प्रतिकाराने जातो, दाह आवरत नाही. वटवाघळाचं शरीर विषाणूला दाबून ठेवतं, पण आकांडतांडव करत नाही. उडणं हे सस्तन प्राण्याला फार दमवणारं काम, ते निभावता निभावता ही सवय लागली असावी असा एक तर्क आहे. थोडक्यात, दोघांचं जुनं जमलेलं आहे. आपण मध्ये गेलो की बिघडतं.

आणि मध्ये गेल्यावर काय होतं, याचं उदाहरण युगांडात घडून गेलं आहे. तिथल्या किटाका खाणीत 2007 मध्ये कामगारांना मारबर्ग नावाचा भयंकर आजार झाला. खाणीत वटवाघळं होती, महाबळेश्वरच्या गुहेतल्या फळखाऊंची भावकीच म्हणा ना. लोकांनी ती मारून टाकली, खाण रिकामी केली. झालं काय? काही वर्षांत नवी वटवाघळं येऊन राहिली, आणि 2012 मध्ये जवळच्याच इबांडा गावात मारबर्ग पुन्हा उद्भवला. तपासणीत निघालं की आधी शंभरातल्या 5 जणांत विषाणू होता, आता 13 जणांत! जुनी, आजार पचवलेली गेली आणि तिथे कोरी पाटी घेऊन नवी आली, असं संशोधकांना वाटतं.

ऑस्ट्रेलियातही तेच. रानातलं खाणं संपलं की वटवाघळं वस्तीजवळ येतात, आणि उपाशी असली की त्यांच्यातून हेंड्रा नावाचा विषाणू जास्त बाहेर पडतो. म्हणजे चिंच पाडली तर ही वाघळं काही नाहीशी होणार नाहीत. हाल होऊन कुणाच्या तरी परसातल्या चिकूवर येऊन बसतील. रोगाच्या भीतीने झाड पाडायचं आणि रोगालाच घराजवळ बोलवायचं, याला काय म्हणावं?

फळांचं नुकसान होतं, हे मलाही मान्य आहे. आमच्या काकूचे पेरू दरवर्षी अर्धे तेच खातात. सरकारदरबारीसुद्धा 1972 च्या वन्यजीव कायद्यात बहुतेक फळखाऊ वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. पण वड आणि उंबराचं बी मैलोनमैल नेऊन टाकतं कोण? आमच्या पारनेरसारख्या अवर्षणी भागात दर पावसाळ्यात फोटो काढून रोपं लावतात, त्यातली जगतात किती ते सगळ्यांना ठाऊक आहे. वाघळं हे काम फुकट करतात, फोटो न काढता. शिवाय मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू. एकदा थवा उधळला की तो सावरायला वर्षं जातात.

तेव्हा भाऊराया, माझं म्हणणं असं. चिंच राहू दे. पोरांना त्या झाडाखाली खेळू देऊ नको, दुसरी सावली शोध. खाली पडलेलं, अर्धवट चावलेलं फळ कुणी खायचं नाही, गुरांनाही घालायचं नाही. घरातलं फळ धुऊन, सोलून खायचं. शिंदीचा कच्चा रस उघड्या मडक्यातला प्यायचा नाही, बांगलादेशात निपाह त्यातूनच येतो. विहिरीवर जाळी टाक. वाघूळ पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, आणि बरीच मरून पडली तर आरोग्य केंद्रात कळवायचं. काकूच्या पेरूला मी जाळी घेऊन देते.

ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे. माहेरवाशिणीचं कोण ऐकणार, हा प्रश्न आहेच, पण जाणार आहे. तुमच्यापैकी कुणी आपल्या गावात असं झाड राखलं असेल, तर लोकांना काय सांगितलंत ते नक्की कळवा. मला तिथे उपयोगी पडेल.